तबक पालथे करून पाहा

आमच्या घरी एक पितळी परात आहे. तिच्या काठाखाली बारीक ठिपक्यांनी पणजोबांचे नाव घातलेले आहे, पुढे गावाचे नाव आणि शेवटी शके. लग्नकार्यात, गावजेवणात साऱ्या आळीची भांडी एकत्र होत. रात्री घासून पालथी घातली, की ज्याने त्याने नाव वाचून आपले उचलायचे. त्या ठिपक्यांचा हेतू एवढाच. परात कोणत्या तांबटाने घडवली हे तिच्यावर कुठेही लिहिलेले नाही. ती कोणाची होती हे मात्र लिहिलेले आहे.

हे आठवण्याचे कारण एक चिनी तबक. न्यूयॉर्कच्या एशिया सोसायटीच्या संग्रहालयात, जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांच्या संग्रहातून आलेले, चिनी मातीचे एक मोठे निळे-पांढरे तबक आहे. घडण चौदाव्या शतकाच्या मध्याची, म्हणजे चीनवर मंगोलांच्या युआन घराण्याचे राज्य होते त्या काळची. ठिकाण जिंगदेजेन. आणि त्याच तबकाच्या तळाशी फारसी लिपीत नाव आहे शाहजहानचे. होय, ताजमहाल बांधणाऱ्या शाहजहानचे. तबक भट्टीतून बाहेर पडले, तेव्हा बाबराचा जन्म व्हायलाही सव्वाशेहून अधिक वर्षे अवकाश होता.

मी ते तबक प्रत्यक्ष पाहिलेले नाही. न्यूयॉर्क आमच्या शिष्यवृत्तीच्या आवाक्याबाहेर आहे. पण त्याच्याविषयी वाचताना एक मत पक्के होत गेले आणि आजचा धागा त्या मतासाठी आहे. संग्रहालये अशा वस्तूंची चुकीची बाजू आपल्यापुढे धरतात. काचेआड वरचे निळे नक्षीकाम झळाळत असते आणि शेजारच्या पाटीवर तीन ओळी असतात: चीन, अमुक घराणे, अमुक शतक. म्हणजे जन्मदाखला. त्या तबकाचे पुढचे सहाशे-सातशे वर्षांचे आयुष्य पालथ्या बाजूला असते आणि ती बाजू मखमलीवर टेकलेली असते.

आधी जन्मदाखलाच तपासू, कारण तोही वाटतो तितका सरळ नाही.

जिंगदेजेन हे जिआंगशी प्रांतातले गाव. तिथल्या परिसरात चिनी माती तयार करायला लागणारा दगड आणि काओलिन ही पांढरी माती, दोन्ही मिळतात. (काओलिन हा शब्दच तिथल्या गाओलिंग या डोंगराच्या नावावरून जगभर गेला.) ही दोन द्रव्ये मिसळून घडवलेले भांडे सुमारे १,३०० अंश सेल्सिअसला भाजले, की ते काचेसारखे घट्ट आणि पांढरेशुभ्र होते, बोटाने टिचकी मारली तर खणखणते. युआन दरबाराने १२७८ मध्ये येथे चिनी मातीच्या कामावर देखरेख करणारे सरकारी खाते बसवले.

पण त्या पांढऱ्यावरचा निळा रंग कुठला? तो कोबाल्टचा. भाजण्याआधी कच्च्या भांड्यावर कोबाल्टने चित्र काढायचे, त्यावर काचलेप द्यायचा आणि मग भट्टीत घालायचे. चौदाव्या शतकातल्या उत्तम भांड्यांवरचा कोबाल्ट तपासला असता त्यात लोह अधिक आणि मँगनीज कमी आढळते. चीनच्या स्थानिक खनिजात हे प्रमाण उलट असते. म्हणून तो पश्चिमेकडून, इराणच्या बाजूने आला असे अभ्यासक मानतात. काशानजवळच्या कमसर येथे कोबाल्टच्या खाणी होत्या. काशानच्याच अबुल कासिम याने १३०१ च्या सुमारास मातीकामावर ग्रंथ लिहिला, त्यात या निळ्याला ‘सुलेमानी’ म्हटले आहे.

म्हणजे माती चीनची, हात चीनचे, रंग इराणचा. आता आकार पाहा. या वर्गातली तबके दीड फुटाच्या आसपास रुंद असतात. चिनी जेवणात प्रत्येकाच्या हाती आपला लहान वाडगा असतो. एवढ्या रुंद तबकाचे तिथे काम काय? मात्र मधोमध एक तबक, त्यात भाताचा ढीग, वर मांस आणि भोवती बसलेली माणसे, हे दृश्य पश्चिम आशियातले आणि सुलतानांच्या दिल्लीतले. १९८० मध्ये जिआंगशीतच गाओआन येथे युआन काळातल्या भांड्यांचा मोठा साठा सापडला. त्यातल्या निळ्या-पांढऱ्या नगांत सुरया आहेत, झाकणाच्या बरण्या आहेत, उंच बैठकीचे पेले आहेत. मोठी तबके सापडतात ती इस्तंबूलला, इराणात आणि दिल्लीत. ही वस्तू परदेशी गिऱ्हाइकाची पंगत डोळ्यांपुढे ठेवून घडवलेली होती.

खुद्द चीनमधल्या रसिकांना ही भांडी फारशी रुचत नव्हती, ही तर गंमतच. त्साओ चाओ या जाणकाराने १३८८ मध्ये जुन्या वस्तूंच्या पारखीवर ग्रंथ लिहिला आणि त्यात निळ्या-पांढऱ्या भांड्यांना ओबडधोबड अभिरुचीचे म्हणून एका वाक्यात निकालात काढले. ज्याला आज सारे जग ‘चिनी भांडे’ म्हणून ओळखते, ते सुरुवातीला चीनच्या सुशिक्षित वर्गाला परक्या चवीचे वाटत होते.

आता दिल्ली. अशा तबकांविषयी समाजमाध्यमांवर जे काही फिरते, त्यात एक वाक्य हटकून असते: ‘चीनच्या सम्राटाने सुलतानाला दिलेली भेट.’ भेटीची गोष्ट आपल्याला आवडते. दोन राजे, दोन दरबार, मधे एक सुंदर वस्तू. पण जिथे पुरावा आहे तिथे तो काय म्हणतो?

युआन सम्राटाचा एक नजराणा मुहम्मद बिन तुघलकाकडे खरोखर आला होता आणि त्याची यादी इब्न बतूताने दिली आहे. शंभर दास-दासी, मखमल आणि रेशमाचे पाचशे नग, त्यांतले शंभर झैतूनचे आणि शंभर खन्साचे, पाच मण कस्तुरी, रत्नजडित पोशाख, भाते, तलवारी. यादी तपशिलात आहे, कापड कोणत्या शहराचे हेही सांगते. चिनी मातीचे एकही भांडे तिच्यात नाही. आणि इब्न बतूताला ही भांडी ठाऊक नव्हती असे मुळीच नाही. परतीचा नजराणा घेऊन सुलतानाने त्यालाच १३४२ मध्ये चीनकडे रवाना केले. त्या वाटेवर तो आपल्या दौलताबादेला आणि नंदुरबारला येऊन गेला, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. (तो नजराणा कालिकतच्या किनाऱ्यावर वादळात बुडाला, ती कहाणी वेगळ्या धाग्याची.) पुढे चीनविषयी लिहिताना तो स्पष्ट नोंदवतो, की तिथली मातीची भांडी हिंदुस्थानात आणि इतर देशांत, थेट त्याच्या मायदेशी मगरिबपर्यंत विकायला जातात. ती फक्त झैतून आणि सीन-कलान येथे बनतात असेही तो सांगतो. ही त्याची चूक. ती दोन्ही बंदरे. माल आतल्या प्रदेशातून तिथे उतरत होता. परंतु चूक बोलकी आहे. त्याने भांडी कारागिराच्या चाकावर पाहिली नाहीत, धक्क्यावर पाहिली. त्याच्या लेखी ती व्यापाराची वस्तू होती.

माझे मत असे, की ‘सम्राटाची भेट’ म्हणताना आपण नकळत अनेकांना पुसून टाकतो: कोबाल्ट वाहून नेणारा, गिऱ्हाइकाची आवड कुंभारापर्यंत पोचवणारा दलाल, जहाजाचा तांडेल, बंदरावरचा अडत्या. राजा राहतो, बाजार नाहीसा होतो.

१९६१ मध्ये दिल्लीत फिरोजशहा कोटल्याच्या परिसरात तुघलक राजवाड्याच्या जागी चिनी मातीच्या फुटक्या भांड्यांचा साठा सापडला. एकूण ७२ नग: ६७ निळे-पांढरे आणि ५ हिरवट सेलाडॉनचे. एलेन स्मार्ट यांनी सत्तरच्या दशकात त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा आणि इराणमधले अर्दबील यांच्या जोडीने युआन काळातल्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांच्या अभ्यासात दिल्लीच्या या साठ्याचे नाव घेतले जाते. इतिहासाच्या किती भारतीय विद्यार्थ्यांना हे ठाऊक आहे? मला पदवीच्या तीन वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

या भांड्यांपैकी काहींच्या तळाशी कोरलेल्या खुणा आहेत. त्यांत ती शाही स्वयंपाकघराची असल्याची नोंद आहे. शब्द आहे ‘मतबख’.

इथे क्षणभर थांबा. मतबख म्हणजे अरबीत स्वयंपाकाची जागा. तोच शब्द फारसीतून दख्खनेत आला, मराठी जिभेवर घोळला आणि ‘मुदपाक’ झाला. मुदपाकखाना! बखरी आणि ऐतिहासिक कादंबऱ्या वाचलेल्या मराठी वाचकाला हा शब्द परका नाही. त्यातला ‘पाक’ संस्कृतातला असावा असे आपल्याला सहज वाटते. जिंगदेजेनच्या तबकाच्या तळाशी, तुघलकांच्या दिल्लीत, कोणा भांडारप्रमुखाने जो शब्द घातला, तो आज आपल्या शब्दकोशात आहे. संग्रहालयाची तीन ओळींची पाटी हे कधीच सांगणार नाही.

आणि नोंद स्वयंपाकघराची आहे, खजिन्याची नाही. ही तबके फडताळात शोभेला मांडलेली नव्हती. त्यांत वाढले जात होते, ती घासली जात होती, मोजून परत ठेवली जात होती. आमच्या पणजोबांच्या परातीसारखीच.

मग ती फुटली कशी? इथे धाग्याखाली वाद होणार हे मला माहीत आहे, म्हणून आधीच सविस्तर लिहिते. ‘फुतूहात-ए-फिरोजशाही’ या आपल्या कार्यवृत्तात फिरोजशहा तुघलक सांगतो, की पूर्वीच्या राजवटींत खोगिरांवर, पेल्यांवर, सुरयांवर, तबकांवर प्राण्यांची आणि माणसांची चित्रे असत. ती काढून टाकण्याचा हुकूम त्याने दिला. दिल्लीच्या साठ्यातील काही भांड्यांवर सजीवांची चित्रे आहेत. या दोन गोष्टी जोडून सुलतानाच्या हुकमानेच भांडी फोडली असा तर्क मांडला गेला. दुसरा तर्क १३९८ च्या तैमूरच्या स्वारीचा.

पहिला तर्क अशक्य नाही. मात्र तो समाजमाध्यमांवर ज्या उत्साहाने ‘सिद्ध’ म्हणून सांगितला जातो, त्याला माझा आक्षेप आहे. ग्रंथात हुकूम आहे, जमिनीत तुकडे आहेत. या तुकड्यांचे नाव घेऊन तो हुकूम निघाल्याचे कुठेही लिहिलेले नाही. दोन पुरावे शेजारी ठेवले म्हणून ते एकमेकांचे साक्षीदार होत नाहीत. शिवाय त्याच ग्रंथात आणखी एक हुकूम आहे, तो कोणी उद्धृत करत नाही. शाही भोजनात सोन्या-चांदीची भांडी वापरण्याची जुनी चाल त्याने बंद केली आणि धर्मशास्त्राला मान्य असलेलीच भांडी वापरावीत असे फर्मावले. आता विचार करा: सोने नाही, चांदी नाही, तर सुलतानाच्या पंगतीला शोभेल असे काय उरते? चिनी माती. ज्या धर्मनिष्ठेने एखादे पक्ष्याचे तबक फोडले असेल, त्याच निष्ठेने फुलावेलींच्या दहा तबकांना मुदपाकखान्यात मान मिळवून दिला असेल. हा माझा तर्क आहे आणि तर्क म्हणूनच मांडते. पण एकच ओळ उचलून सुलतानाला खलनायक करणारे आणि दुसरीच उचलून त्याला संत करणारे, दोघांनीही आधी तो ग्रंथ पूर्ण वाचावा. तो मुळात फार लहान आहे.

मोगलांच्या काळापर्यंत ही तबके ‘जुनी’ झाली होती आणि त्यांची किंमत वेगळ्याच पायरीवर गेली होती. विल्यम हॉकिन्स हा इंग्रज १६०९ ते १६११ आग्र्याला जहांगीरच्या दरबारी होता. त्याने सांगितलेली हकीकत अशी. बादशहाच्या वस्तूंची व्यवस्था पाहणाऱ्या एका उमरावाकडे एक सुंदर चिनी तबक होते. स्वारीच्या प्रवासात उंटाच्या अपघाताने ते फुटले. बादशहाचा त्या तबकावर किती जीव आहे हे ठाऊक असल्याने उमरावाने तसेच दुसरे आणायला गुपचूप माणूस चीनकडे पाठवला. दोन वर्षे गेली. माणूस परतला नाही आणि बादशहाला नेमकी तबकाची आठवण झाली. खरे सांगावे लागले. उमरावाला १२० फटके मारले, वर काठ्यांनी बडवले, तुरुंगात टाकले. नंतर राग उतरल्यावर बादशहाने त्याच्या उत्पन्नाचा चौथा हिस्सा त्याला परत दिला, हातावर ५,००० रुपये ठेवले आणि तसेच तबक घेतल्याशिवाय तोंड दाखवू नकोस म्हणून देशाबाहेर धाडले. चौदा महिने तो फिरत होता. शेवटी बातमी आली, की तसेच तबक इराणच्या शहाकडे आहे आणि त्याने दया येऊन ते देऊ केले आहे.

हॉकिन्स दरबारावर नाराज होऊन परतलेला माणूस. त्याची प्रत्येक गोष्ट शब्दशः घेऊ नये. जहांगीरचा क्रूरपणा रंगवण्यात त्याचा स्वार्थही होता. तरी एक तपशील मला विश्वसनीय वाटतो: चीनला शोधायला निघालेले तबक इराणात सापडते. कारण दोनशे वर्षांपूर्वीच्या घडणीची भांडी चीनच्या बाजारात आता कुठे मिळणार? ती आता इतर राजांच्या भांडारांतच होती.

इराणच्या त्या शहाने, शाह अब्बासने, १६११ मध्ये आपल्या घराण्याचे मूळपुरुष शेख सफी यांच्या अर्दबील येथील दर्ग्याला चिनी मातीचे १,१६२ नग वक्फ केले. प्रत्येक नगावर चौकोनी शिक्का कोरला. त्याचा आशय असा: विलायतच्या शहाचा बंदा अब्बास याने हे शाह सफीच्या उंबरठ्याला वक्फ केले. विलायतचा शहा म्हणजे हजरत अली. म्हणजे इराणचा बादशहा तबकावर स्वतःची ओळख गुलाम म्हणून करून देतो! तिकडे मोगल तळावर बादशहाचे नाव येते, मालक म्हणून. सारखीच तबके, जवळपास एकच काळ, कोरण्याची रीतही सारखीच. आणि मालकीविषयीच्या दोन अगदी निराळ्या कल्पना. वरच्या निळ्या वेलबुट्टीत हा फरक शोधून सापडणार नाही.

अर्दबीलच्या साठ्यातले आठशेहून अधिक नग टिकले. त्यांतले बहुतेक आज तेहरानच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. चिनी कलेच्या इतिहासावर या साठ्याचे मोठे ऋण आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चौदाव्या शतकातील निळी-पांढरी भांडी ओळखायची कशी, याचीच वानवा होती. लंडनमधल्या डेव्हिड संग्रहातील दोन फुलदाण्यांवर १३५१ सालाचा चिनी लेख होता. त्यांच्यावरची नक्षी माप म्हणून धरून जॉन अलेक्झांडर पोप यांनी १९५२ मध्ये तोपकापीची आणि १९५६ मध्ये अर्दबीलची भांडी वर्गवार लावली, तेव्हा ‘युआन निळे-पांढरे’ हा विषय खऱ्या अर्थाने उभा राहिला. चीनच्या मातीचा इतिहास इस्तंबूलच्या आणि अर्दबीलच्या फडताळांवरून लिहिला गेला. मग ती फडताळे पाटीवर का नसावीत?

यावर एक उत्तर मला ऐकवले गेले आहे. एका संग्रहालयात (नाव घेत नाही) अशाच एका तबकाखाली काही कोरलेले आहे का, असे मी विचारले. तिथल्या माणसाने सौजन्याने सांगितले, की तळाला ‘ओरखडे’ आहेत, म्हणून ती बाजू दाखवत नाहीत. कोणी काचलेपावर टोकदार हत्याराने घासले तर ती वस्तूची हानी, हे मला समजते. लिलावाच्या जगातही पूर्वी अशा खुणांकडे डाग म्हणून पाहणारे होते. आता त्याच खुणेने किंमत चढते. या दोन्ही नजरा मला सारख्याच अपुऱ्या वाटतात. ओरखडा म्हणा किंवा भाव म्हणा, वाचत कोणीच नाही.

मागणी फार मोठी नाही. तबक स्टँडवर उभे करा, मागे आरसा लावा. पाटीवर ‘कुठे घडले’ या ओळीखाली ‘कोणाकडे होते’ ही ओळ घाला. ठिपक्यांत कोरलेला शब्द छापा आणि त्याचा अर्थ द्या. आणि तुम्ही, जे रात्री बारा वाजता हा धागा वाचत आहात, संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर गेलात तर पहिल्या छायाचित्रावर थांबू नका. अनेक ठिकाणी तिसरे-चौथे छायाचित्र तळाचे असते. तिथे काचलेप नसलेली उघडी माती दिसते, भट्टीतल्या वाळूचे कण चिकटलेले दिसतात आणि कधीकधी एखादे नाव.

परातीचे राहिलेच. परवा घरी गेले होते तेव्हा आईला विचारून सगळी जुनी भांडी पालथी घालून पाहिली. पणजोबांच्या नावाची परात आणि दोन पातेली निघाली. एका वाटीवर मात्र भलतेच आडनाव आहे, आमच्या गावात कोणाचेच नसलेले, खाली ‘सप्रेम भेट’ आणि १९७४. कुठल्या पंगतीत अदलाबदल झाली, कोणाची वाटी कोणाकडे गेली, आजीला आठवत नाही. ती वाटी रोज वापरात आहे. आईने ती घासून पुन्हा मांडणीवर ठेवली, आणि मी तिच्या तळाचे छायाचित्र काढून ठेवले.